ज्वालामुखी फुटला इथिओपियात, मग चेन्नई-मुंबई विमान का रद्द?

नमस्कार मंडळी!

23 नोव्हेंबर 2025, रविवार. इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. हजारो वर्षांत फुटल्याची नोंदच नसलेला डोंगर. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. राख वर गेली जवळपास 14 किलोमीटर. तिथल्या जोरदार वाऱ्यांवर ती तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून सोमवारी रात्री राजस्थान-गुजरातवरून दिल्लीपर्यंत पोचली.

[स्क्रीनवर नकाशा: अफार ते दिल्ली]

मुंबईहून जेद्दा, कुवेत, अबुधाबीला जाणारी विमानं रद्द झाली. ते कळण्यासारखं आहे, वाट तिकडूनच जाते. पण एअर इंडियाचं चेन्नई-मुंबईसुद्धा रद्द! चेन्नईवर कुठे राख होती? नव्हतीच. राखेच्या पट्ट्यावरून आधीच उडून आलेली विमानं कंपनीने तपासणीसाठी थांबवली होती. विमान तपासणीत अडकलं की त्याच्या पुढच्या फेऱ्याही गेल्या.

आता लोक म्हणणार, "एवढ्याशा राखेचं काय एवढं कौतुक?"

तर ही चुलीतली राख नव्हे. खडकाचा आणि काचेचा अतिबारीक, धारदार चुरा असतो हा. पाण्यात विरघळत नाही, जळून जात नाही. ही राख काय करू शकते ते जगाला 24 जून 1982 च्या रात्री कळलं. लंडनहून मुंबई, क्वालालंपूर करत ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं चार इंजिनांचं बोइंग 747 विमान, फ्लाइट 9. विमानात 248 प्रवासी आणि 15 कर्मचारी. क्वालालंपूर सोडलं, जावा बेटाच्या दक्षिणेला आले. उंची 37,000 फूट. कॉकपिटच्या काचेवर निळसर-पांढऱ्या ठिणग्या नाचायला लागल्या. केबिनमध्ये धूर, गंधकाचा वास. आणि मग एक इंजिन बंद. दुसरं बंद. थोड्याच वेळात चारही!

कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना काय सांगितलं असेल? थोडक्यात असं, की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती सुरू करायची आम्ही शिकस्त करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसावा अशी आशा आहे. "छोटीशी" हं!

विमान तरंगत खाली येत राहिलं. समोर जावाचे डोंगर, खाली समुद्र. डोंगर ओलांडता आले नाहीत तर विमान पाण्यात उतरवायचं, इथपर्यंत तयारी झाली होती. साधारण साडेतेरा हजार फुटांवर एक इंजिन सुरू झालं, मागोमाग बाकीची. त्यातलं एक पुन्हा बिघडलं, ते बंद ठेवावं लागलं. जाकार्ताला उतरताना पुढच्या काचा इतक्या खरवडल्या गेल्या होत्या की त्यातून धड दिसत नव्हतं. पण सगळे सुखरूप उतरले. ती राख होती गालुंगगुंग ज्वालामुखीची. आणि तीन आठवडेही झाले नव्हते, तोच सिंगापूर एअरलाइन्सचं 747 त्याच ज्वालामुखीच्या राखेत सापडलं.

इंजिनं बंद का पडली आणि परत सुरू कशी झाली? माझ्या मते या विषयातला सगळ्यात भारी भाग हाच आहे.

[ॲनिमेशन: जेट इंजिनचा छेद]

ही राख साधारण 1,100 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागते. जेट इंजिनच्या ज्वलनकक्षातलं तापमान त्याहून बरंच जास्त. म्हणजे राख आत शिरली की तिची पातळ काच होते. ती पुढे जाते आणि टर्बाइनच्या पात्यांवर चिक्कीसारखी थापून बसते. हवेची वाट बुजते, इंजिन गुदमरतं, विझतं. विझलं की थंड होतं. थंड झालेली काच तडकते आणि तिचे तुकडे पडतात. तोवर विमान राखेच्या ढगाखाली, स्वच्छ हवेत आलेलं असतं, म्हणून इंजिन पुन्हा पेट घेतं. इंजिन वाचलं ते बंद पडल्यामुळे, असंच म्हणा ना!

बरं, पायलटला हे आधी दिसत का नाही? विमानातलं हवामान रडार पावसाचे थेंब टिपायला बनवलेलं असतं. कोरडी, बारीक राख त्याला जवळजवळ दिसतच नाही. त्यात रात्र असेल तर विषयच संपला. म्हणून हे काम बाहेरून करावं लागतं. जगात यासाठी 9 केंद्रं आहेत. ती उपग्रहावरून राखेचा माग काढतात आणि ती कुठे, किती उंचीवर जाईल याचा अंदाज देतात. आपला भाग फ्रान्समधल्या तुलूझ केंद्राकडे येतो. नोव्हेंबरात तिथल्याच सूचनांवर डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, कंपन्यांना सांगितलं, की राखेचा पट्टा आणि त्या उंच्या टाळा, शंका आली तर इंजिन तपासा.

सावधगिरीचा अतिरेकही होतो, हेही सांगतो. एप्रिल 2010, आइसलंडचा एयाफ्यातलायोकुत्ल. (जीभ वळली, टाळ्या वाजवा!) युरोपचं बरंचसं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद, सुमारे 1 लाख उड्डाणं रद्द. नियम होता, राख दिसली की उडायचं नाही. किती राख चालेल याचा आकडाच ठरलेला नव्हता. नुकसान डोक्यावरून गेल्यावर ब्रिटनने घनमीटरला 2 मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, आणि पुढच्याच महिन्यात तिची 4 केली. हे काम आधी व्हायला हवं होतं, 1982 पासून वेळ होता की.

जाता जाता तुमच्या कामाचं. राखेमुळे विमान रद्द झालं तर वर भरपाई मागून उपयोग नाही. नैसर्गिक आपत्तीत कंपनीवर ते बंधन नसतं. पण तिकिटाचे पूर्ण पैसे परत घ्यायचे की दुसरं विमान, हा पर्याय कंपनीने तुम्हाला द्यायचाच असतो. काउंटरवर आधी क्रेडिट शेल (म्हणजे रोख पैशांऐवजी पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) पुढे केलं, तर शांतपणे रिफंड मागा.