खाली घर, वर माग: न्यूटाउनच्या फ्लॅनेलच्या इमारती

श्रोतेहो, नमस्कार. मध्य वेल्समध्ये सेव्हर्न नदीच्या वळणावर न्यूटाउन नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकरी फ्लॅनेलच्या विणकामामुळे हे गाव इतके भरभराटीला आले की लोक त्याला, इंग्लंडमधल्या लोकरी कापडाच्या मोठ्या शहरावरून, ‘वेल्सचे लीड्स’ म्हणू लागले. तान्ह्या बाळांची दुपटी आपल्याकडे ज्या फ्लॅनेलची शिवतात ते सुती असते; न्यूटाउनचे फ्लॅनेल मात्र अस्सल लोकरीचे असे. त्या धंद्याने मागे ठेवलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या काही इमारतींविषयी मी आज बोलणार आहे.

नदीच्या उत्तर तीरावर पेनिग्लोद्वा नावाची वस्ती आहे. तिथल्या कमर्शियल स्ट्रीटवर 5 ते 7 या क्रमांकांची, 1830च्या दशकात बांधलेली विटांची इमारत आहे, आणि 1967पासून तिच्यात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे. तिच्या खालच्या दोन मजल्यांवर पाठीला पाठ लावून बांधलेली सहा घरे आहेत, तर वरचे दोन मजले आडव्या भिंतींवाचून सलग मोकळे आहेत, कारण तिथे हातमाग मांडलेले असत. खाली घर, वर माग, अशी ही रचना आहे. खालच्या घरांची मागची भिंत सामाईक असल्यामुळे बिऱ्हाडांना एकाच बाजूने उजेड मिळे; वरच्या माळ्यांना मात्र दोन्ही अंगांनी खिडक्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. माणसांना नव्हता तेवढा उजेड मागांना होता. विणकऱ्यांनी घरांतून ये-जा करू नये म्हणून माळ्यावर जाणारा जिना बाहेरून काढलेला होता, कारण वर विणणारा खालीच राहत असेल असे नव्हते. न्यूटाउनमध्ये जन्मलेले सहकारी चळवळीचे प्रणेते रॉबर्ट ओवेन यांचा पुतळा गावात आहे, आणि तो असायलाही हवा. परंतु गावांनी पुतळ्यांपेक्षा असे जुने जिने जपण्यावर अधिक खर्च करावा, असे माझे जुनेच मत आहे.

या माळ्यांना बाजारपेठ मिळवून दिली ती कालव्याने. माँटगोमेरी कालवा 1819 साली न्यूटाउनपर्यंत पोहोचला. कोळसा आणि लॅनिमिनेखच्या खाणींतला चुनखडीचा दगड घेऊन होड्या येत, आणि फ्लॅनेलचे तागे घेऊन परत जात. हा शेवटचा टप्पा पुरा करण्यासाठी विल्यम प्यू या जमीनदारांनी स्वतःचा पैसा ओतला. शिवाय व्यापाऱ्यांना वेल्शपूलच्या बाजाराला जावे लागू नये म्हणून 1832 साली गावातच फ्लॅनेल एक्स्चेंजची देखणी इमारत उभी राहिली, तिच्यामागेही तेच होते. पुढे ते कर्जात बुडाले, फ्रान्सला गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या एक्स्चेंजमध्ये नंतर चित्रपटगृह आले.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे भाषण लिहायला घेतले तिच्याकडे येतो. न्यूटाउनमध्ये प्राइस जोन्स नावाचा मुलगा वयाच्या बाराव्या वर्षी कापडाच्या दुकानात उमेदवारीला लागला. मोठेपणी त्याने दुकान आपल्या ताब्यात घेतले. एवढ्यात, 1859 ते 1861 या वर्षांत, गावात रेल्वे आली. कालवा नदीच्या उत्तरेला होता, स्टेशन दक्षिणेला झाले. हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले. जोन्स यांनी मालाच्या छापील याद्या टपालाने दूरदूरच्या घरी धाडायच्या आणि मागणी आली की माल रेल्वेने रवाना करायचा, असा व्यापार मांडला. राणी व्हिक्टोरिया आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची नावे त्यांच्या गिऱ्हाइकांत होती.

1876 साली त्यांनी एका वस्तूचे पेटंट घेतले. तिचे नाव युक्लिसिया रग. लोकरीचे एक लांब कांबळे, त्यात झोपणाऱ्याने शिरायचे, अंगाभोवती घडी घेऊन बंद लावायचे, आणि उशाशी शिवलेल्या कप्प्यात हवा भरायची रबराची उशी ठेवायची. आपल्या वळकटीत अंथरूण, पांघरूण आणि उशी एकत्र बांधलेली असतात. इथे ती तिन्ही एकत्र शिवलेली होती. (वळकटी घेऊन प्रवास करणारा उतारू फलाटावरून दिसेनासा झाला आहे. चाकांच्या बॅगांना ती ऐट नाही, आणि रात्री त्यांच्यावर झोपताही येत नाही, हे जाता जाता सांगतो.)

पुढच्याच वर्षी रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. बल्गेरियातल्या प्लेव्हना गावात उस्मान पाशा तुर्की फौजेसह ठाण मांडून बसला आणि रशियन सैन्याने गावाला वेढा घातला. वेढा लांबत चालला, थंडी वाढू लागली, आणि रशियन सैन्याने वेल्समधल्या या दुकानदाराकडे मागणी नोंदवली: युक्लिसिया रग, नग साठ हजार. पुन्हा सांगतो, साठ हजार. ज्या गावाने फ्लॅनेलचे तागे होडीत घालून कालव्याने पाठवले, त्याच गावातून आता उघड्यावर झोपणाऱ्या सैनिकांसाठी शिवलेली अंथरुणे रेल्वेने निघाली.

परंतु सगळा माल पोहोचण्याआधीच, डिसेंबर 1877 मध्ये, प्लेव्हना पडले. वेढा उठला, तशी अंथरुणांची गरजही सरली. रशियाने उरलेली मागणी रद्द केली, आणि जोन्स यांच्याकडे सुमारे सतरा हजार अंथरुणे पडून राहिली. ज्यांनी कधी दिवाळीनंतर उरलेला माल मोजला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल. जोन्स यांनी ती आपल्या यादीत घातली आणि स्वस्तात विकायला काढली. गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांनी ती घेतली. पुढे ब्रिटिश सैन्यात आणि ऑस्ट्रेलियाच्या निर्जन मुलखातही ती वापरली गेली. मला या गोष्टीत शोधापेक्षा हा उरलेला माल अधिक आवडतो. पेटंट अनेकांनी घेतली. रद्द झालेल्या मागणीचे सतरा हजार नग खपवणारा व्यापारी विरळा.

1879 साली जोन्स यांनी स्टेशनासमोर रॉयल वेल्श वेअरहाउस ही तांबड्या विटांची उंच वखार बांधली. ती कालव्यापाशी नाही, पेनिग्लोद्व्यात नाही, स्टेशनासमोर आहे. 1887 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि वखारीचा विस्तार पुढेही होत राहिला. विकणाऱ्याची इमारत नावानिशी मिरवते. विणणाऱ्याची ओळखायची तर खिडक्यांच्या रांगांवरून ओळखावी लागते.

विणकाम मात्र तोवर ओसरू लागले होते. लँकेशरमधल्या रॉचडेलला यंत्रमागांसाठी कोळसा हाताशी होता; न्यूटाउनला तो लांबून आणावा लागे. 1844 साली रॉचडेलमध्ये ज्यांनी प्रसिद्ध सहकारी दुकान काढले, त्यांच्यात फ्लॅनेलचे विणकर होते आणि त्यांना ओवेन यांच्या विचारांची प्रेरणा होती. महाराष्ट्रातल्या सहकाराचा इतिहास सांगणारे रॉचडेलपर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. त्यांनी न्यूटाउनपर्यंत जायला हवे. गावातली कँब्रियन गिरणी 1912 साली आगीत भस्मसात झाली. ती पुन्हा बांधली गेली नाही आणि फ्लॅनेलचा मोठा धंदा तिथे संपला.

कालव्याचेही तसेच झाले. 1936 साली पेरी नदीजवळ त्याचा काठ फुटला, आणि 1944 साली तो कायद्याने सोडून देण्यात आला. वेल्शपूलमध्ये 1969 साली स्वयंसेवकांनी गाळ उपसून तिथला भाग वाचवला, परंतु न्यूटाउनमधली गोदी बुजवली गेली असून तिची खूण ‘कॅनॉल रोड’ या नावात उरली आहे. तिथे जाणाऱ्या श्रोत्यांनी एवढे लक्षात ठेवावे की गाडीतून उतरल्याबरोबर वखार समोर दिसते, पण विणकऱ्यांचे माळे पाहायचे तर गाव ओलांडून, थॉमस पेन्सन यांनी 1827 साली पुरा केलेल्या दगडी लाँग ब्रिजवरून नदीपलीकडे जावे लागते. नमस्कार.