खुर्ची रिकामी, जाहिरात चालू

(सकाळ. पूर्व भागातली गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट.)

सोलापुरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न: आज पाणी हाय का? उजनीचं पाणी शहरात येतं, पण वर्षानुवर्षं ते काही दिवसांआडच. त्यामुळे या गल्लीतल्या एका छोट्या न्यूज पोर्टलवर सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान राजकारणाचं नाही की गड्ड्याच्या यात्रेचंही नाही. ते आहे पाण्याच्या वेळापत्रकाचं.

पोर्टल नवरा-बायको चालवतात. तो गाडीवर फिरून बातम्या आणतो. ती पान लावते, हिशेब बघते. खाली माग चालतात, वर ही खोली.

(जुना कॉम्प्युटर. टेबलावर वही.)

एके दिवशी फोन आला. ‘मॅडम, वाचक आहेत तेवढेच राहू द्या, कमाई दुप्पट करून देतो.’ काम एवढंच, की पानात चार ओळींचा कोड टाकायचा. मग वाचकानं काही न करता, दर १५ सेकंदांनी जाहिरात आपोआप बदलणार.

(झेरॉक्सचं दुकान. स्क्रीनवर पाण्याचं वेळापत्रक.)

आता हे दुकान बघा. मालकानं सकाळी पान उघडलं, वेळ बघितली आणि चहाला गेला. स्क्रीन चालूच आहे. वर साडी आली. मग कर्ज. पुन्हा साडी. मग कुठलंसं गेम. तासाभरात २४० जाहिराती, आणि खुर्ची रिकामी. जाहिरातदाराच्या हिशेबात मात्र यातली प्रत्येक ‘दाखवली’ म्हणून लागते. साडीवाल्यानं पैसे कशाचे मोजले? रिकाम्या खुर्चीचे.

कोड टाकला आणि पहिल्या महिन्यात कमाईचा आकडा फुगला. घरात आनंद झाला. दुसऱ्या महिन्यात हजार जाहिरातींमागचा दर घसरू लागला. जाहिरातींची बोली लावणारी यंत्रणा काही आंधळी नसते. जाहिरात कितपत दिसली, कोणी तिच्यावर बोट ठेवलं का, हे ती बघत असते. जागा वाया जातेय असं दिसलं की बोली उतरते. नंतर रिपोर्टमध्ये एक नवीन ओळ आली: अवैध ट्रॅफिकपोटी कपात. म्हणजे ज्यामागे खरा वाचक किंवा खरा रस नाही, अशा आकड्यांचे पैसे कापले. वहीत त्या ओळीखाली तिनं दोन रेघा मारल्यात.

नियम लपवलेले नाहीत. गूगल ॲडसेन्समध्ये, म्हणजे साइटवर जाहिराती लावून देणाऱ्या गूगलच्या सेवेत, वाचकानं मागितल्याशिवाय पान किंवा जाहिरात आपोआप ताजी करायला मनाई आहे. खातं बंद झालं तर थकलेली कमाई अडकते, आणि शक्य असेल तिथे ती जाहिरातदारांना परत जाते. गूगलच्याच ॲड मॅनेजरमध्ये मोठ्या प्रकाशकांना, म्हणजे साइट चालवणाऱ्यांना, जाहिरात बदलता येते, पण तसं आधी जाहीर करावं लागतं आणि दोन बदलांमध्ये किमान ३० सेकंद ठेवावे लागतात. म्हणजे बदलणं हाच गुन्हा नाही. चोरून बदलणं हा आहे.

आणि ज्यानं फोन केला त्याचं काय गेलं? काहीच नाही. खातं हिच्या नावावर, पॅन हिचं, बँक हिची. छोट्या गावांतल्या प्रकाशकांना असे फोन आजही येतात, याचा आम्हाला मनापासून राग येतो.

(एका बाईच्या हातातला मोबाईल, जवळून.)

वाचकाचं नुकसान इथे दिसतं. या ताई वेळापत्रकात आपल्या भागावर, ‘जुळे सोलापूर’वर, बोट ठेवायला जातात. तेवढ्यात वरची जाहिरात बदलते. नवी जाहिरात उंचीनं मोठी, म्हणून सगळा मजकूर खाली सरकतो आणि बोट पडतं कर्जाच्या जाहिरातीवर. पाणी राहिलं बाजूला, भलतंच पान उघडलं. असे चुकून झालेले क्लिकही पुन्हा प्रकाशकाच्याच खात्याला चिकटतात. शिवाय प्रत्येक नव्या जाहिरातीबरोबर चित्रं आणि कोड पुन्हा उतरतात. डेटा जातो तो ताईंचा.

(खोली. ती कॉम्प्युटरसमोर.)

तिनं कोड स्वतः शोधून काढला. साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमच्या फाईलमध्ये, अगदी तळाशी होता. तो पुसला, जाहिरातीच्या प्रत्येक जागेची उंची पक्की केली, आणि जाहिरात कंपनीला झालं ते सगळं लिहून कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

दरम्यान तो नव्या पेठेत फिरला. एका चादरीच्या दुकानानं महिन्याचे पैसे रोख दिले. वेळापत्रकाच्या वर आता ती एकच जाहिरात असते, दिवसभर तीच.

(संध्याकाळ. नळाखाली घागर. कट्ट्यावर मोबाईल, पान उघडं, त्यावर चादर.)

आज पाणी सव्वासहाला आलं. पानावर सहा लिहिलं होतं. ती वर जाऊन वेळ दुरुस्त करते.