बार्नेकलचे गणगोत

श्रोतेहो, नमस्कार.

ओहोटीच्या वेळी अलिबाग, रत्नागिरी किंवा मालवणच्या खडकांवरून जो अनवाणी चालला आहे, त्याला बार्नेकल ठाऊक असतो, मग त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. खडकाला घट्ट चिकटलेली, चुनखडीच्या पाकळ्यांची, वरच्या बाजूला तोंड असलेली ही लहानलहान शंकूसारखी घरे पायाला चांगलीच कापतात, होडीच्या तळाला बसली तर खरवडून काढावी लागतात, आणि पाहणाऱ्याला ती कालवांचीच भावंडे वाटतात. समुद्रातल्या प्राण्यांचे गट शास्त्रज्ञ कशाच्या आधारावर पाडतात, हे समजून घेण्यासाठी याच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण या प्राण्याने भल्याभल्या विद्वानांना दीर्घकाळ चकवले होते.

स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी १७५८ साली प्राण्यांना सरसकट दुहेरी नावे दिली, म्हणजे आधी प्रजातीचे नाव आणि मग जातीचे. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी जी उतरंड आपण शाळेत शिकतो, तिच्यातल्या काही पायऱ्या त्यांच्या, तर काही नंतरच्यांनी घातलेल्या आहेत. त्याच वर्षी त्यांनी देवमाशांना माशांतून बाहेर काढून सस्तन प्राण्यांत नेले, आणि हे मोठे धाडसाचे काम होते. बार्नेकल मात्र त्यांनी शंख-शिंपल्यांच्याच रांगेत बसवला. पुढे फ्रान्सचे जॉर्ज क्यूव्हिए यांच्यासारख्या शरीररचनेच्या जाणकारानेही त्याला मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे कालवे, गोगलगायी आणि माकुल यांच्या संघातच ठेवले. बाहेरून चुन्याचे कवच, जागेवरून न हलणारे जीवन आणि आत मऊ शरीर, एवढी लक्षणे जुळत असताना त्यांचे अनुमान अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही.

उलगडा झाला तो आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात. तेथे लष्करी शल्यवैद्य असलेले जॉन व्हॉन थॉम्पसन हे तलम कापडाची जाळी पाण्यातून ओढून त्यात सापडणारे सूक्ष्म जीव तपासत असत. १८२६ च्या वसंत ऋतूत त्यांना काही पारदर्शक, मुक्तपणे पोहणारे, पायांचे आणि डोळ्यांचे जीव मिळाले. ते त्यांनी काचेच्या भांड्यात समुद्राच्या पाण्यात ठेवले आणि वाट पाहिली. थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींनी कात टाकली, ते भांड्याच्या तळाला चिकटले आणि त्यांचे चक्क बार्नेकल झाले. कात टाकणे, सांध्यांचे पाय असणे ही लक्षणे कालवांच्या गोतातली नव्हेत, ती कोळंबी आणि खेकड्यांच्या गोतातली आहेत. थॉम्पसन यांनी हे १८३० मध्ये प्रसिद्ध केले आणि बार्नेकल मृदुकाय संघातून उठून संधिपाद संघातल्या कवचधारी, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटातल्या, प्राण्यांत आला. एका संघातून दुसऱ्या संघात जाणे हा फार मोठा पल्ला आहे, आणि तो कापण्यासाठी लागली ती एक जाळी, एक काचेचे भांडे आणि धीर.

हे एकदा कळले की प्रौढ बार्नेकलकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला एकच डोळा आणि पायांच्या तीन जोड्या असतात, आणि कोळंबीच्या काही भाईबंदांची पिल्लेही अशीच दिसतात. पुढच्या अवस्थेत ते काही खात नाही, फक्त जागा शोधते. जागा पसंत पडली की डोक्यावरच्या स्पर्शकांनी ते खडकाला टेकते, स्वतःच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या चिकट द्रव्याने तेथे कायमचे चिकटते आणि भोवती कवच उभारते. म्हणजे आपण पाहतो तो प्राणी डोके खाली आणि पाय वर करून बसलेला असतो. भरती आली की कवचाच्या झडपा उघडतात आणि झालरीसारख्या पायांच्या सहा जोड्या बाहेर येऊन, कोळ्याने पाग फेकून ओढावा तशा, पाण्यातले अन्नकण आत ओढतात. भरतीच्या वेळी खडकातल्या डबक्याशी थोडा वेळ शांत बसले, तर हे कोणालाही पाहता येईल.

१८४६ ते १८५४ ही आठ वर्षे चार्ल्स डार्विन यांनी मुख्यतः बार्नेकलना दिली. सुरुवात चिलीच्या किनाऱ्यावर एका शंखाला भोके पाडून राहणाऱ्या चिमुकल्या जातीपासून झाली, आणि ती कोठे बसवावी हे ठरवण्यासाठी त्यांना जिवंत आणि अश्मीभूत अशा सगळ्याच जाती तपासाव्या लागल्या. ‘कोण कोणासारखा दिसतो’ याऐवजी ‘कोण कोणापासून उतरला’ हा वर्गीकरणाचा खरा प्रश्न आहे, या त्यांच्या विचाराला या कामाने भक्कम आधार दिला. हा विचार किती दूर नेतो, हे सॅक्युलिना नावाच्या प्राण्यावरून दिसते. तो खेकड्याच्या शरीरात मुळांसारखा पसरतो आणि बाहेर, खेकड्याच्या पोटाखाली, फक्त एक पिशवी दिसते. त्याला ना पाय, ना कवच, ना तोंड. प्रौढ सॅक्युलिनाकडे पाहून त्याला प्राणी म्हणणेही जड जावे, पण त्याची पिल्ले बार्नेकलच्या पिल्लांसारखी असल्यामुळे त्याचे घराणे निःसंशय ठरते.

आता या पुराव्यात डीएनएची भर पडली आहे, आणि त्याने नवेच पेच निर्माण केले आहेत. कवचधारी हा गट आपण ज्या सीमांनी आखला होता, त्या सीमांतूनच कीटकांची फांदी फुटलेली दिसते. पाण्याखालच्या गुहांत राहणारे रेमिपीड हे कवचधारी, आजच्या पुराव्यानुसार, खेकड्यांपेक्षा कीटकांना अधिक जवळचे आहेत. याचा अर्थ कीटकांना वगळून केलेला कवचधारी गट अपुरा आहे, म्हणून अनेक शास्त्रज्ञ दोघांना मिळून एक मोठा गट मानतात. पाठ्यपुस्तकांतली जुनी विभागणी सोयीची असली, तरी मला हीच बाजू पटते.

नावांतही हा इतिहास उमटतो. उष्ण समुद्रांतल्या बंदरांत सर्रास आढळणाऱ्या एका बार्नेकलचे नाव डार्विन यांनी १८५४ मध्ये बॅलॅनस अँफिट्रिटे असे ठेवले. आता ती जाती अँफिबॅलॅनस या प्रजातीत हलवली आहे. जातीचे नाव कायम राहिले, पण डार्विन यांचे नाव आणि साल आता कंसात लिहिले जाते, आणि मूळ नाव देणाऱ्याने ती जाती वेगळ्या प्रजातीत ठेवली होती, हे जाणकाराला त्या कंसावरून कळते. गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत याच जातीच्या पिल्लांचा, ती कोठे आणि कशी चिकटतात याचा, अभ्यास झाला आहे, कारण जहाजांच्या तळाला बसणाऱ्या जीवांत तिचा समावेश होतो. जाळीत सापडलेले पिल्लू नेमके कोणत्या जातीचे, हे केवळ पाहून सांगणे कठीण असते. त्याच्या डीएनएचा तुकडा ओळख पटलेल्या प्रौढाशी जुळवावा लागतो, आणि तो प्रौढ आधी कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली कवचाच्या झडपांपासून पायांवरच्या केसांपर्यंत तपासून, नाव निश्चित करून, संग्रहालयात जतन केलेला असावा लागतो.