लेकरू, पिंप आणि तोटी

श्रोतेहो, नमस्कार.

आता अकरा वाजत आलेत. बाहेरची फरशी तापली असेल. घरात दीड-दोन वर्षांचं लेकरू असेल तर ते आत्ता दाराच्या कडीला लोंबकळत असेल, नाहीतर अनवाणी अंगणात सुटायच्या बेतात असेल. आधी दार लावून घ्या. मग ऐका.

मला विषय दिलाय 'उन्हाळा आणि लहान मूल'. सुती कपडे घाला, डोकं झाका, बारा ते चार बाहेर काढू नका, हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या सासूबाईंनी ते मार्चपासूनच सुरू केलेलं असणार. मला बोलायचंय लेकरू आणि पाणी या जोडीबद्दल. आणि पाण्याचं निघालं की आमच्या बाबूच्या पिंपाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी ती सुरू केली की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठून जातात. तुम्ही बसा.

गोष्ट २०१६ सालची, लातूरची. ज्यांनी तो उन्हाळा काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून ५ लाख लिटर. आमचे हे बघायला गेले होते, जसं काही वऱ्हाड उतरणार होतं. पण शहराची वस्ती चार लाखांच्या घरात. वाटणी केली तर माणशी तांब्याभर.

अशा दिवसांत मुलीचा पुण्याहून फोन. "आई, आम्ही येतोय." मी म्हटलं, "अगं, येऊ नको. पाहुणे येत नाही म्हणाले की बरं वाटायलंय इथं." पण आजोळ ते आजोळ. आली. कडेवर पावणेदोन वर्षांचा बाबू.

लेकराने लातूरचं ऊन कधी पाहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी मानेवर, काखेत, पाठीवर घामोळं उठलं. त्यात आमचं स्लॅबचं घर. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ओकतो. माझ्या माहेरी माळवदाचं घर होतं. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढरी माती. भरदुपारी आत शिरलं की डोळ्यांना सुद्धा गार वाटायचं. ते आम्हीच पाडलं, सिमेंटचं बांधलं, आणि आता त्यात कूलर लावून बसतो. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर मला कधीतरी बोलवा.

तर बाबू रात्र-रात्र कुरकुरायचा. आम्ही त्याला आंघोळ घालायचो तांब्याभर पाण्यात. आंघोळ कसली, ओलं फडकं फिरवायचं. ते फडकं पिळून निघालेलं पाणी तुळशीला.

आमच्या गल्लीत टँकर आठवड्याने यायचा, कधी त्याहूनही उशिरा. घराला एक पिंप भरायचं. निळं, प्लास्टिकचं, २०० लिटरचं. तांब्या बुडवला की पाणी सांडतं, हात लागतो, म्हणून आमच्या ह्यांनी त्याला बुडाशी तोटी बसवली. प्लंबर नको म्हणाले. सळई तापवून भोक पाडलं, वायसर घातलं. चार वेळा गळलं, पाचव्यांदा नाही गळलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तोटी दाखवायची, मग चहा. प्लास्टिकची तोटी, नुसतं बोट लावलं की फिरणारी. पिंप दोन विटांवर. म्हणजे तोटी आली बरोब्बर बाबूच्या छातीशी. हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझ्या सासूबाई, त्यांना सगळे मोठी माय म्हणायचे, ऐंशी पार केलेल्या. रोज संध्याकाळी बाबूचं बोट धरून त्या मातीच्या परळात चिमण्यांना पाणी ठेवायच्या. तोटी उघडायची, परळ भरायचं, तोटी बंद. "चिऊला मम." बाबू म्हणायचा, "चिऊ, मम." मी एकदा बोलून गेले, माणसाला नाही तिथं चिमणीला कुठून? तर मोठी माय म्हणाल्या, "तिला कुठं टँकर येतोय?"

त्या दिवशी सकाळीच टँकर येऊन गेलेला. पिंप काठोकाठ. दुपारची जेवणं उरकली. कूलरला पाणी नाही, त्यामुळे तो नुसताच घरघरायचा. सगळे ओळीने फरशीवर आडवे झालो. बाबू माझ्या आणि मुलीच्या मध्ये. मला वाटलं ती जागी आहे, तिला वाटलं मी जागी आहे. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगणार आहे. दोघींना वाटलं, दुसरी जागी आहे.

साडेतीनच्या सुमाराला मोठ्या मायची हाक आली, "अगं उठा गं! लेकरू गप हाय!"

ज्यांनी लेकरं वाढवलीत त्यांना कळेल. रडणारं लेकरू असलं तर माणूस कूस बदलतो. गप असलं की उठून पळायचं.

मागच्या पडवीत बाबू पाण्यात फतकल मारून बसलेला. पुढ्यात परळ. वर तोटी धो-धो सुटलेली. परळ भरून वाहतंय आणि हा दोन्ही हातांनी पाणी थापटतोय, "चिऊ, मम. चिऊ, मम." तोटी उघडायची तो बघून-बघून शिकला होता. बंद करायचं शिकायचं राहिलं होतं.

मुलीने तोटी गच्च दाबून बंद केली. मग जे सुरू झालं! टॉवेल, चादर, मोठ्या मायचं दोरीवरचं लुगडं, जे हाताला लागेल ते फरशीवर टाकायचं आणि बादलीत पिळायचं. मुलगी केर भरायच्या सुपलीने पाणी भरतेय. हे ओरडतायत, "सांदीतलं बघा, सांदीतलं!" आणि पाणी सगळं मोरीकडे धावतंय. मोठ्या मायनं काय केलं? मोरीच्या तोंडात पोतं कोंबलं आणि वर स्वतः बसल्या. "मी हितनं उठत न्हाई. तुमी भरा."

सगळं करून तीन बादल्या निघाल्या, त्याही गढूळ. ह्यांनी पिंपात काठी घालून पाहिली. चार बोटं पाणी. तोटीच्या खालचं तेवढं उरलं होतं. ते लेकरावर एका शब्दाने बोलले नाहीत. दोन दिवस तोटीशी मात्र बोलणं टाकलं होतं.

ते गढूळ पाणी कशाच्या कामाचं? कूलरमध्ये ओतलं. महिन्याभरात पहिल्यांदा कूलरने गार वारा दिला. बाबू तर तासभर पाण्यात डुंबून निघालेला. त्या रात्री तो जो झोपला तो सकाळी सातला उठला. घामोळं बसल्यासारखं झालं होतं. आठवड्याचं पाणी गेलं आणि घर पहिल्यांदा झोपलं.

संध्याकाळी शेजारणी आल्या. कोणी कळशी, कोणी अर्धा हंडा, एकीने पाच लिटरचा कॅन. कसं सांडलं, हे कोणीच विचारलं नाही. मागच्या घरच्या बाईंनी पुढच्या महिन्यात कढीपत्ता पाठवला, "तुमच्या पाण्यावर फुटलाय" म्हणून.

झाली गोष्ट. अर्धा वेळ गेला, ठाऊक आहे. आता पटपट ऐका.

बाबूला झोप का लागली? लेकराचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं. मोठं पातेलं आणि लहान वाटी शेजारी-शेजारी शेगडीवर ठेवा, वाटी आधी तापते. लेकरू म्हणजे वाटी. वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि घाम आपल्यापेक्षा कमी. म्हणून त्याच्या अंगावर पाणी आपण बाहेरून द्यायचं. डेऱ्यातलं पाणी गार का होतं? बाहेर पाझरतं, वाऱ्याने उडतं, उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे एप्रिल-मेचा वारा कोरडा, म्हणून डेरा कोकणापेक्षा परभणी-लातूरला जास्त गार. कूलरचंही तेच. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याच कूलरपुढे चिकचिक होते. तर दुपारी दोन-तीनदा ओलं फडकं मान, काखा, जांघा यांवरून फिरवा. साधं पाणी. बर्फ नाही, फ्रिजचं नाही. साधं पाणी. आणि त्यावर पावडर थापू नका हो. लेकरू पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं, आणि उडते ती नाकात जाते.

प्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरचं दूध, जास्त वेळा. मोठ्या लेकराला मागायची वाट न बघता घोट-घोट देत राहायचं. जुलाब-उलट्या झाल्या तर साखरमिठाचं पाणी: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पुन्हा सांगते. १ लिटर, ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट, शीग नको. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, सहा-आठ तास लघवी नाही, लेकरू मलूल पडलंय, की घरचे उपाय थांबवा आणि दवाखाना गाठा.

लग्नांचं बोलल्याशिवाय मी जाणार नाही. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, अक्षता पडतात अडीचला, कारण नवरदेवाचे मित्र अजून रस्त्यात नाचतायत. मांडवात जरीच्या कुर्त्यातली लेकरं लालबुंद. मे महिन्यातली लग्नं संध्याकाळी लावा, असं मी वीस वर्षं सांगतेय. आमच्या घरातलं एक लावलं. अक्षता पडल्या रात्री सव्वादहाला.

आता ते वाक्य, जे लक्षात ठेवा म्हटलं होतं. दोघींना वाटलं, दुसरी जागी आहे. त्या दुपारी पिंपाच्या पलीकडे अर्धी भरलेली बादली होती. बाबू परळाच्या नादात होता, म्हणून तिच्याकडे गेला नाही, एवढंच. या वयात डोकं जड असतं. बादलीत वाकलं की लेकरू उलटं जातं, त्याला सावरता येत नाही, आणि आवाज होत नाही. वीतभर पाणी पुरतं. आपल्या मराठवाड्यात पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही. बादल्या, पिंपं, हौद घरोघरी. म्हणून बादली रिकामी झाली की उपडी. पिंपाला आवळून झाकण. हौदावर फळी, फळीवर वजन. आणि आडवं होण्याआधी तोंडाने विचारायचं, "तू जागी आहेस का?" उत्तर आलं तरच डोळे मिटायचे.

तिकडून वेळ संपल्याचा हात दिसतोय. बाबू आता मोठा झालाय आणि ही गोष्ट तो स्वतः सांगतो. त्याच्या गोष्टीत पिंपाची रेल्वेची वाघीण झालीय. तोटी ह्यांनी त्याच आठवड्यात बदलली. पितळेची, घट्ट, आणि लेकराचा हात पोचू नये म्हणून पिंपाच्या पार मधोमध. त्यामुळे अर्धं पिंप पाणी तोटीतून येतच नाही, ते आम्ही झाकण काढून तांब्यानेच घेतो. ह्यांना हे सांगायची सोय नाही.

नमस्कार.