जीन्सचा रंग आतपर्यंत जात नाही, तिथूनच सगळं सुरू होतं

मंडळी, आधी एक काम सांगतो, घरी जाऊन नक्की करा. जुन्या जीन्सला फाटलेल्या जागी कापडातला निळा धागा लोंबत असतो ना, तो ब्लेडने कापा आणि कापलेलं टोक उजेडात नीट बघा. बाहेर निळं, आत पांढरं! मला आजही हे बघताना फार भारी वाटतं, कारण गेल्या चाळीसेक वर्षांत डेनिममध्ये, म्हणजे जीन्सच्या कापडात, जे काही नवीन झालं ते बहुतेक या पांढऱ्या गाभ्यामुळे झालं.

असं का होतं? जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळ, इंडिगो, आणि ती पाण्यात विरघळतच नाही. म्हणून कॉस्टिक आणि हायड्रोसल्फाइट ही रसायनं घालून तिचं रूप बदलतात, मग ती पिवळट हिरवी होते आणि विरघळते. धागा त्यात काही सेकंद बुडवून वर काढला की हवेतला ऑक्सिजन लागून तो डोळ्यांसमोर निळा होत जातो. असं परत परत करायचं, निळ्याचे थर चढत जातात, पण आतपर्यंत रंग पोचायच्या आधीच धागा बाहेर आलेला असतो. विणताना हा निळा धागा उभा आणि पांढरा आडवा.

जीन्सच्या खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेल्या धातूच्या रिव्हेटची गोष्ट, 1873 चं पेटंट, ते सगळ्यांना माहीत असतं. मला विचाराल तर त्याहून मोठी गोष्ट 1897 ची, तेव्हा बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि रंग शेतातल्या निळीच्या झाडांवर अवलंबून राहिला नाही.

आता गंमत बघा, इतक्या मेहनतीने चढवलेला रंग आपल्याला थोडा उतरवलेलाच हवा असतो. आधी प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचे हलके सच्छिद्र दगड, घालून धुवायचे, दगडांचा गाळ व्हायचा, मशीन झिजायचं. मग 1980 च्या दशकात सेल्युलेज एन्झाइम आलं, ते धाग्याच्या वरवरचे तंतू कुरतडतं आणि त्यांच्यासोबत रंगही सुटतो, फक्त सुटलेली नीळ परत पांढऱ्या धाग्यावर बसते, तिला सांभाळावं लागतं.

पण एका पद्धतीबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. सँडब्लास्टिंग. दाबाच्या हवेने वाळू मारून मांडीवर फिकट पट्टा काढायचा, त्या वाळूतल्या सिलिकाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. तरुण पोरं गेली हो यात, एका फिकट पट्ट्यासाठी! तुर्कस्तानने 2009 मध्ये यावर बंदी घातली. त्यानंतरही रंग फिका करणाऱ्या पोटॅशियम परमँगनेट या रसायनाचा फवारा राहिलाच, आणि तोही मास्क लावून करायचं काम आहे.

म्हणून मला लेझर महत्त्वाचा वाटतो. कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं, किरण कापडावरून फिरतो, वरचा निळा थर जळून उडतो आणि खालचा पांढरा दिसतो, ना वाळू ना फवारा. ताकद जास्त झाली तर धागाच कमजोर होतो, म्हणजे हात कसलेला लागतोच. त्याच्या जोडीला ओझोन, बंद मशीनमध्ये हा वायू नीळ फोडतो आणि नंतर थोडं खंगाळलं की झालं, त्यामुळे पाणी खूप वाचतं.

आणि आता रंग चढवतानाच बदल होतोय. स्पेनमधल्या रॉयो गिरणीने टाकीऐवजी फेसातून नीळ द्यायची पद्धत आणली, ऑक्सिजन नसलेल्या कक्षात, आणि 2019 मध्ये रँग्लर या जीन्सच्या ब्रँडने त्या कापडाच्या जीन्स काढल्या. त्यांचा धागाही कापून बघा, गाभा पांढराच ठेवलाय त्यांनी.