आधी कपाट उघडा
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[वरून शॉट: पलंगभर कपडे]

हा पसारा आवरायचा नाहीये. म्हणजे जिची ही खोली आहे ती आवरणार आहे, रात्री झोपायच्या आधी आवरावाच लागेल, पण आत्ता तिला यातून भिंतीचा रंग शोधायचाय.

घर सजवायचं ठरलं की आपण पहिल्यांदा फोन उघडतो, शेकडो फोटो सेव्ह होतात, एकात सगळं पांढरं, एकात सगळं लाकडी, एकात छतापर्यंत झाडंच झाडं, आणि शेवटी काय होतं तर दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीचा एक तुकडा विकत आणून आपण आपल्या खोलीत ठेवतो आणि तो तिथे परका दिसतो. तिने फोन उलटा ठेवलाय आणि कपाट रिकामं केलंय.

बघा ती काय करतेय. आवडणारे कपडे एकीकडे आणि सारखे घातले जाणारे दुसरीकडे, हे दोन ढीग वेगळे आहेत, लक्ष द्या. आवडणाऱ्यांत एक झगझगीत गुलाबी आहे, एक मोरपंखी आहे, दोन्ही अगदी कडक इस्त्रीत. घातल्या जाणाऱ्यांत मात्र विटकरी, मातकट, राखाडी, आणि शेवाळी चक्क चार वेळा. कॉलर विरलेली आहे, कोपरं पातळ झालीत, तरी टाकवत नाहीत असे कपडे. ज्या रंगात आपण कंटाळा न येता वर्षानुवर्षं वावरतो तोच रंग भिंतीवर झेपतो, असं तिचं म्हणणं आहे आणि आम्हाला ते पटलं. पोत पण बघा, एकही चमकदार कापड नाही, सगळं सुती, जाडंभरडं, धुऊन मऊ झालेलं. म्हणजे रंग मॅट फिनिशचा घ्यायचा हेही इथेच ठरलं, दुकानात जायच्या आधी.

[शेडकार्ड, जवळून]

आता शेवाळी म्हणजे नेमका कुठला? कार्डावर शेवाळीच्या जवळपास जाणाऱ्या शेड इतक्या आहेत की माणूस गोंधळून पांढराच घेऊन येतो. एक गोष्ट सांगून ठेवतो, बऱ्याच कंपन्यांच्या कार्डावर शेडच्या खाली किंवा मागे एलआरव्ही म्हणून एक आकडा असतो, तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, ० म्हणजे काळा कुट्ट आणि १०० म्हणजे पांढरा शुभ्र. तिला आवडलेली शेड २० च्या आसपासची, म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडाचा मोठा भाग ही भिंत गिळणार. म्हणून चारही भिंती नाहीत, एकच, खिडकीसमोरची.

[टाइमलॅप्स: पुठ्ठे आणि सरकणारा उजेड]

हा शॉट आमचा सगळ्यात लाडका आहे, थोडा लांबलाय, चालवून घ्या.

तिने भिंतीवर ठिपके नाही लावले. मोठ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येक शेडचे दोन हात मारले, चांगले वाळू दिले कारण ओला रंग आणि वाळलेला रंग कधीच सारखा नसतो, आणि प्रत्येक पुठ्ठ्याला चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडली. ती पट्टी का, तर जुनी भिंत फिकट गुलाबी आहे, आणि गुलाबीच्या शेजारी ठेवलेला कुठलाही हिरवा आहे त्यापेक्षा जास्त हिरवा दिसतो. ही डोळ्याची फसवणूक नीट मांडून दाखवली ती शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. १८२४ पासून तो पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरचे विणलेले पडदे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता, आणि तक्रार यायची की तुमचा काळा रंग फिका पडतो. त्याने रंग तपासला तर रंगात काही खोट नव्हती. खोट शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत होती, त्यांच्या संगतीत काळा मरगळलेला दिसायचा. १८३९ मध्ये त्याने हे सगळं सविस्तर छापलं, आणि पुढे चित्रकारांनी ते अक्षरशः उचलून धरलं. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच, की रंग कधी एकटा बघायचा नाही, सोफ्याचं कापड, पडदा, फरशी, जे काही त्याच्या शेजारी येणार ते सगळं लावून बघायचं.

सकाळ. खिडकी उत्तरेला आहे, उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. डावीकडचा पुठ्ठा बघा, कसा राखाडी पडलाय. दुपार. तोच पुठ्ठा आता बरा दिसतोय पण मधला पोपटी वाटायला लागला, तो बाद. संध्याकाळी दिवा लागला आणि उजवीकडचा, ज्याच्याकडे दिवसभर कुणी बघितलंच नव्हतं, तो एकदम मातीसारखा ऊबदार झाला. ती रोज घरी येते संध्याकाळी. मग निवड कुठली करायची हे काय सांगायला हवं!

[भिंत खरवडताना]

रंगकाम पटकन दाखवतो. सामान मधोमध, वर जुनी चादर. पोपडे खरवडले, भोकांत पुट्टी, वाळल्यावर पॉलिश पेपर, मग ओल्या फडक्याने धूळ पुसून प्रायमर. धूळ राहिली तर टेप काढताना रंगाची सालं टेपबरोबर निघतात. कडा आधी ब्रशने आणि त्या ओल्या असतानाच लगेच रोलर, नाहीतर कडेला चौकटीसारखा पट्टा उमटतो. इमारत फार जुनी असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तसं असेल तर कोरडं घासू नका, आधी तपासून घ्या. भाड्याचं घर आहे, मालकांची परवानगी घेतलीय, सोडताना भिंत परत पांढरी करून द्यायचीय. असो.

[खुर्ची, फाटलेली बैठक]

आता ही बया. खरं सांगायचं तर हा माहितीपट हिच्यासाठीच बनवायला घेतला होता.

घरात पडून असलेली, बैठकीला भोक पडलेली, एक पाय डुगडुगणारी खुर्ची. टाकून द्या, नवीन घ्या, असं सगळ्यांनी सांगून झालंय. तिची पाठ बघा, मागचे दोन पाय आणि पाठीची कमान हा एकच अखंड लाकडाचा दांडा आहे, जोड नाही, कोरीव काम नाही. ही घडण मायकेल थोनेट या सुताराची, आपल्यासमोरची खुर्ची त्याच्या कारखान्यातली नाही, नंतर कुणीतरी केलेली नक्कल आहे, पण वंश तोच. १८५९ मध्ये थोनेटने व्हिएन्नातून चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे दांडे वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचे. आता लाकूड वाकवलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिथेच ते तडकतं, म्हणून तो बाहेरच्या बाजूला धातूची पट्टी घट्ट आवळायचा, म्हणजे ताण पट्टीवर जातो आणि लाकूड ताणलं जायच्या ऐवजी आतून दाबलं जातं. इतकी साधी युक्ती! लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू, २ नट, संपली खुर्ची. सुट्या भागांत ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, जिथे पोचतील तिथे जोडायच्या. १९३० पर्यंत अशा ५ कोटींच्या आसपास विकल्या गेल्या असं सांगतात. खोक्यातून सुटं फर्निचर येणं ही आजची गोष्ट वाटते आपल्याला, पण तेव्हाही येत होतं, फरक एवढाच की हे परत उघडता येतं. स्क्रू ढिला झाला तर आवळा, बैठक फाटली तर विणा.

डुगडुगणं गेलं ते एवढ्यानेच, खालचा एक स्क्रू आवळून.

[वेत पाण्यात]

विणणारे काका फार बोलत नाहीत. कॅमेरा नको म्हणाले होते, मग म्हणाले हात घ्या, तोंड घेऊ नका. त्यामुळे पुढची सगळी वीण तुम्हाला हातांचीच दिसेल आणि तेच बरं झालं.

जुनी वीण कापली, चौकटीची भोकं टोच्याने साफ केली. वेताची ही पट्टी म्हणजे वेलाची वरची साल, एका बाजूने तकतकीत, दुसरीकडून खरखरीत. कोमट पाण्यात भिजवून ठेवायची, कोरडी वाकवली तर मोडते. समोरच्या आणि मागच्या कडेचं मधलं भोक शोधायचं आणि तिथून सुरुवात, कारण कडेपासून सुरू केलं तर शेवटी सगळं तिरकं जातं. पट्टी खालून वर, वरून खाली, तकतकीत बाजू वर, आणि ती सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी. हा पहिला थर, सगळा उभा. त्याच्यावर दुसरा आडवा, नुसता ठेवलेला, गुंफायचं नाही. तिसरा परत उभा, पहिल्याच्याच भोकांतून पण किंचित उजवीकडे सरकवून. इथपर्यंत बघणाऱ्याला वाटतं यात काय मोठंसं.

चौथा थर आडवा, आणि आता वर-खाली, वर-खाली गुंफत. बोटं बघा. पट्टी कोरडी पडायला लागली की ओलं फडकं फिरवतात, आणि हे करताना नजर वेतावर नसतेच, अंगठ्यालाच कळतं. पाचवा थर तिरका, सहावा उलटा तिरका. तिरक्यात एक पट्टी चुकीच्या बाजूने गेली तर ती उभ्या-आडव्यात अडकते, सरकत नाही, बरोबर गेली तर सुळकन सरकते. ‘चुकलं की तीच सांगते,’ काका एवढंच म्हणाले. ती विचारत होती, ‘काका, मी करून बघू का एक ओळ?’ त्यांनी जागा करून दिली. ती ओळ अजून आहे खुर्चीत, उजव्या कोपऱ्याजवळ, जरा सैल. काकांनी सोडवून घेतली नाही.

सातव्या फेरीत कडेने जाड पट्टी बांधली की भोकं झाकली जातात. मधे आठकोनी जाळी तयार झालीय. रात्रभर वाळताना वेत आक्रसतो आणि आपोआप ताठ होतो, दुसऱ्या दिवशी त्यावर टिचकी मारली तर टणक आवाज येतो. ऐका.

[खुर्ची हिरव्या भिंतीसमोर]

पिवळट वेत, मागे शेवाळी. यावर बोलत नाही.

[जमिनीवर कागदाचे चौकोन]

फ्रेम लावायच्या आधी प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापून टेपने भिंतीवर चिकटवलाय, हलवाहलवी कागदांची होते, खिळ्यांची नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, उभ्या माणसाची नजर जिथे जाते तिथे. पण ही जागा बसायची आहे, म्हणून तिने सगळं चांगलंच खाली घेतलं आणि नियम मोडला, बरोबर केलं. पडद्याचा दांडा मात्र चौकटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना बाहेर काढून, म्हणजे पडदा उघडला की काचेवर जमा न होता भिंतीवर जातो आणि खिडकी मोठी वाटते. कापड रुंदीच्या निदान दुप्पट घ्या, नाहीतर लावल्यावर चुण्याच पडत नाहीत, चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. पडद्याला रंग विटकरी, हो, पलंगावरच्या त्या दुसऱ्या ढिगातला.

[बल्ब बदलताना, एकच फ्रेम]

शेवटचं काम आणि सगळ्यात दुर्लक्षित. खोक्यावर के (केल्विन) लिहिलेला आकडा असतो, उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा. हा ६५०० चा, बघा, भिंत थंडगार, दवाखान्याच्या कॉरिडॉरसारखी. हा ४०००. हा २७००, पिवळसर, आणि संध्याकाळी पुठ्ठ्यावर जो रंग आवडला होता तो इथे सापडला. पण थांबा, दुसरा एक आकडा आहे, सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचा, १०० पैकी. दोन्ही बल्ब २७०० चेच आहेत, डावा ८० चा, उजवा ९० च्या वरचा. विटकरी पडद्याकडे बघा, डावीकडे तपकिरी वाटतोय, उजवीकडे लाल. कापड तेच, भिंत तीच. दुकानात जुळलेला सोफा आणि पडदा घरी आल्यावर भांडायला लागतात त्यामागेही बरेचदा असंच काहीतरी असतं, दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात नाही.

तिने ९० चे दोन घेतले, एक खुर्चीमागच्या उभ्या दिव्यात आणि एक पलंगाजवळ. छतावरची पांढरी ट्यूब काढली नाही, इस्त्री करताना आणि हरवलेलं कानातलं शोधताना तीच लागते म्हणते. गालिचा अजून घेतलेला नाही, जागेवर वर्तमानपत्रं पसरून माप घेऊन ठेवलंय, खुर्चीचे निदान पुढचे पाय त्यावर यायला हवेत एवढं ठरलंय, रंगाचं बघू म्हणाली. मोरपंखी आणि गुलाबी मैत्रिणीला देऊन टाकले.