अकरा नंबरची जर्सी

अंधेरीचं स्टेडियम, ४ जून २०१८. पाऊस नुसता कोसळतोय. मैदानात पाणी साचलंय, चेंडू पुढे सरकायला तयार नाही. आणि वर गॅलरीत बघा, पाय ठेवायला जागा नाही.

तीनच दिवसांपूर्वी याच मैदानावर भारताचा फुटबॉल कर्णधार सुनील छेत्रीने चायनीज तैपेईविरुद्ध, म्हणजे तैवानविरुद्ध, हॅटट्रिक केली, तेव्हा बघायला होते २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकून विनवलं. शिव्या घाला, टीका करा, पण मैदानावर या. मुंबईकर आले. केनियाविरुद्धचा हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. आधी पेनल्टी, मग अगदी शेवटी गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचललेला हा चेंडू.

तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. या वयात स्ट्रायकर निरोपाची भाषा करू लागतात. छेत्रीला अजून सहा वर्षं सोडता आलं नाही, कारण त्याच्या जागी उभं करायला कुणी नव्हतं. आपल्या इंडियन सुपर लीगमधले बहुतेक क्लब नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची जागा परदेशी खेळाडूला देतात. गोल करू शकणारी आपली पोरं विंगवर, मैदानाच्या कडेला ढकलली जातात, नाहीतर बाकावर बसतात. गोल करायची सवय लागणार कुठून?

कोलकाता, ६ जून २०२४. देशासाठी त्याचा निरोपाचा सामना. युवा भारती स्टेडियम, समोर कुवेत, निकाल ०-०. १५१ सामने, ९४ गोल. सहकारी दोन रांगांत उभे आहेत, मधून तो चालत येतोय.

पुढच्या मोसमात आपल्या क्लबकडून, बंगळुरू एफसीकडून, त्याने लीगमध्ये १४ गोल केले. चाळिशीत. लीगमध्ये एकाही भारतीयाचे त्याच्याहून जास्त नव्हते. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाने त्याला पुन्हा बोलावलं.

शिलाँग, १९ मार्च. मालदीवविरुद्ध पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा. आता कडेवरून आलेला हा क्रॉस बघा. पाच फूट सात इंचांचा माणूस हवेत उठतो आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घालतो. ९५ वा गोल. भारताचा सोळा महिन्यांतला पहिला विजय.

ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ ने हरवलं, आशियाई चषकाची वाट बंद झाली. पुढच्याच महिन्यात छेत्रीने देशाची अकरा नंबरची जर्सी पुन्हा उतरवली. १५७ सामने, गोल तेवढेच, ९५.